ऐकू आलं की दाबा

पंखे फिरले, कॅबिनेटच्या तोंडावरचा निळा दिवा लागला, आणि पडदा मात्र काळाच राहिला. त्या काळ्यावर एक एवढीशी चौकट इकडून तिकडे तरंगत होती आणि तीत लिहिलेलं होतं, सिग्नल नाही. तिनं ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. शब्द बदलले नाहीत. रविवारची टळटळीत दुपार होती, बाहेरच्या खोलीत बाबांचा टीव्ही कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्यानं बातम्या सांगत होता, आणि ती फरशीवर मांडी ठोकून, आपण स्वतःच्या हातांनी जोडलेल्या त्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. कॅबिनेट जुनं, एका बाजूला पोचा आलेलं. पडदा एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलेला, त्याच्या कोपऱ्यावर अजून कुणाच्या तरी टेबलाचा नंबर चिकटलेला. नवा म्हणाल तर फक्त कीबोर्ड, तोही दुकानातला सगळ्यात स्वस्त. मेलं, झालं काय याला, असं ती म्हणाली, पण मनात. मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती.

तिचं कामच मुळी बारीक आवाजाचं. इस्पितळात कान तपासतात त्या खोलीत ती इतकी वर्षं बसत होती की तिथल्या खुर्चीला तिचा आकार आला होता. काचेपलीकडे गादीच्या भिंतींची कपाटाएवढी खोली, तीत पेशंट, त्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. काचेच्या अलीकडे ती आणि तिचं यंत्र. आधी एक कान, मग दुसरा. प्रत्येकाला सांगायचं ते एकच वाक्य: कितीही बारीक असू दे, ऐकू आलं की दाबा. मग ती आवाज कमी कमी करत न्यायची, आणि माणसं कशी असतात ते त्या बटणावरून तिला कळायचं. काही जण आवाजाच्या आधीच दाबून मोकळे होत. घरीही ते बायकोचं वाक्य संपू देत नसणार. काही झोपून जात. आणि काही असे, की आवाज त्यांना आलेला असे, पापणी हललेली तिला काचेतून दिसे, पण बोट जागचं हलत नसे. नंतर विचारलं की ओशाळून म्हणत, आलं होतं हो ऐकू, पण वाटलं भास असेल, उगाच कशाला दाबा. अशांचा तिला राग यायचा नाही. ही आपल्याच पंथातली माणसं, असं वाटून ती त्यांची तपासणी पुन्हा घ्यायची, आणि या वेळी जरा मऊ आवाजात सांगायची, अहो दाबा, चुकलं तरी मी आहे ना.

आता चुकलं तर कोण होतं? तिनं पडद्याची वायर काढून परत लावली. ग्राफिक्स कार्डातच लावली होती, मदरबोर्डात नव्हे. ती चूक सगळे नवखे करतात असं तिनं वाचलं होतं आणि ती आपण करणार नाही याचा तिला आठवडाभर अभिमान होता. बाकीच्या वायरी बघितल्या. प्रोसेसरवरचा पंखा गुण्यागोविंदानं फिरत होता. सगळं जागच्या जागी, आणि तरी काही नाही. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं होतं, मदरबोर्डही वापरलेला, आणि दुकानदारानं आधीच बजावून ठेवलं होतं की जुना माल परत घेत नाही. वर्षभर तिनं एकेक वस्तू आणली होती, पैसे साठवत साठवत. बसऐवजी पायी आली होती, चपलेला दोनदा टाके घातले होते, कँटीनचा चहा सोडून घरचा थर्मास नेला होता. मैत्रिणी म्हणाल्या डाएट का, ती म्हणाली हो. एकेक खोका कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवला होता. बाबांना एकदा त्यातला एक दिसला, तेव्हा त्यांनी विचारलं मिक्सर आणलास का, आणि तिनं मान डोलावली, कारण खरं सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं.

ओरडणं तिच्याकडून व्हायचंच नाही, त्याला कारण होतं. लहानपणी ते एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत, आणि खाली मालक. मालकाचे कान तिखट. वर एखादी वाटी पडली की खालून छताला काठी बसे, ठक, ठक, आणि ती बसली की बाबांचा चेहरा असा व्हायचा की ती वाटी पुन्हा उचलावीशी वाटायची नाही. घर सोडा म्हणाला तर जायचं कुठं, हे त्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे. म्हणून घरात एकच मंत्र: हळू. दार हळू. पाय हळू. हसणं हळू. खुर्चीच्या पायांना बाबांनी जुन्या मोज्यांचे बूट शिवून घातले होते. कपाट लावताना दाराच्या फटीत बोट ठेवायचं आणि अगदी शेवटी ते काढून घ्यायचं, म्हणजे खट वाजत नाही. तिच्या उजव्या तर्जनीला अजून त्याची खूण आहे. आईला हसू अनावर झालं की ती उशीत तोंड खुपसायची, आणि उशी नुसती थरथरायची. दादा खोडकर, तो मुद्दाम धपकन उडी मारायचा आणि काठी बसली की हिच्याकडे बोट दाखवायचा. पण ही खरोखरच इतकी बेमालूम चालायची की दादानं तिचं नाव मांजर पाडलं. शाळेत, लग्नघरी, फोनवर, सगळीकडे मांजर. पुढे ते घर सुटलं, आई गेली, तिच्या नोकरीवर हे दोन खोल्यांचं तळमजल्यावरचं घर झालं. सामान लावल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं, तर खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले.

आणि आता हेच बाबा टीव्ही असा लावायचे की रस्त्यावरचा माणूस बातम्या ऐकून पुढे जाईल. कान गेले होते त्यांचे. मुलगी कान तपासणारी आणि बाप यंत्र लावून घेत नाही, यावर इस्पितळात सगळे तिची फिरकी घेत. तिनं नाना परीनं सांगून पाहिलं. ते म्हणत, मला हवं ते येतं ऐकू. इतकं असूनही तिच्या हातून चमचा पडला तर ते मात्र त्यांना कुठून तरी कळे, आणि टीव्हीच्या गदारोळातून त्यांचा आवाज येई, हळू गं.

मोबाइल वाजला. दादा. तिनं उचलला, आणि तिथंच चुकलं, कारण त्यानं विचारलं झालं का तुझं सुरू, आणि तिला खोटं सुचलं नाही. तो हसला. वाईट हसत नाही तो, जीव आहे त्याचा तिच्यावर. पण तो म्हणाला की तरी सांगत होतो, तयार घे, हप्ते मी भरतो, आणि संध्याकाळी येतो, बघतो काय झालंय ते, तोवर तू आता कशाला हात लावू नकोस. ती म्हणाली, बरं. फोन ठेवला आणि त्या बरं या शब्दाची तिला अशी चीड आली की तिनं पेचकस उचलून परत ठेवला. हळूच ठेवला.

कारण संध्याकाळी काय होणार ते तिला अक्षरशः दिसत होतं. दादा येणार, बूट दारात काढणार, सरक बघू म्हणणार, आणि ती सरकणार. दोन मिनिटांत त्याला काय ते सापडणार. यंत्र चालू होणार, आणि ते दादानं चालू केलेलं यंत्र असणार, जन्मभर. येईल त्याला तो सांगणार की हिनं जोडलं होतं पण चालेना, मग मी गेलो. असंच झालं होतं आधी. दादा कॉलेजात असताना घरात पहिला कॉम्प्युटर आला तो त्याच्या अभ्यासाला, आणि त्याच्यावर तो खेळायचा ट्रकचा खेळ. घाटातला रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि मोठा लाल ट्रक. ती शेजारी स्टुलावर बसायची. तिला तो रस्ता पाठ होता. कुठं वळण, कुठं पूल, कुठं समोरून गाडी येते, सगळं. मी चालवू, असं ती विचारायची, आणि तो पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, तू बघ. एकदा मात्र उदार होऊन म्हणाला की चल, हॉर्न तू वाजव, हे बटण. तिनं बोट ठेवलं. दाबलंही, पण असं की कीबोर्डला पत्ता लागला नाही. ट्रक मुकाट समोरच्या गाडीवर आदळला. दादा पोट धरून हसला, म्हणाला मांजर ती मांजरच, आणि बाहेरून बाबा म्हणाले, हळू रे. त्यानंतर तिनं कधी मागितलं नाही. पण कधी तरी, इस्पितळातून येताना, बस चुकली म्हणून ती एका कॉम्प्युटरच्या दुकानासमोर उभी राहिली, आणि तिथल्या काचेतल्या पडद्यावर एक ट्रक घाट चढत होता. डोंगर आता इतका खरा की त्यावरून दगड घरंगळत होते. ती उभीच राहिली. पुढची बसही गेली.

दुकानदारानं तिला दोन-चारदा तशी पाहिली आणि एक दिवस आत बोलावलं. मुलासाठी घ्यायचाय का, असं त्यानं विचारलं आणि ती हो म्हणून बसली. झालं, मग तो मुलगा वाढायला लागला. मुलाचं वय काय, अभ्यासात कसा आहे, डोळ्यांना जपा हं त्याच्या, असं दर वस्तूमागे दुकानदार विचारे, आणि तिला आठवून आठवून उत्तरं द्यावी लागत; एकदा तर मुलाला ताप आलाय असं सांगून ती किंमत थोडी कमी करून घेऊन आली आणि घरी येईपर्यंत शरमेनं तिलाच ताप भरला. शेवटची वस्तू म्हणून रॅम घ्यायला गेली तेव्हा तिच्यानं राहवेना. म्हणाली, मुलगा-बिलगा कुणी नाही, मीच खेळणार आहे. दुकानदारानं पापणीही हलवली नाही. म्हणाला, मग खुर्ची नीट घ्या, कंबर जाते. आणि पिशवी हातात देताना त्यानं सांगितलं होतं, रॅम बसवताना बायका काय, पुरुष काय, सगळे घाबरतात, तुम्ही घाबरू नका, दाबा, कट् असा आवाज आला पाहिजे.

आला होता की. तिला स्पष्ट आठवत होता. सकाळी, टीव्ही सुरू व्हायच्या आधी, तिनं ती हिरवी पट्टी खाचेत उभी धरली, वरून अंगठे ठेवले, जरा भार दिला, आणि कट्. बारीकसा, पण तिच्या कानांतून सुटेल असा आवाज अजून जन्माला यायचा होता. मदरबोर्डही तेवढ्यात किंचित कुरकुरला होता, पातळ लाकूड वाकतं तसा, म्हणून तिनं घाईघाईनं हात काढून घेतले होते. ती डोळे मिटून बसली आणि तो आवाज तिनं पुन्हा ऐकला, जसा एखाद्या पेशंटचा आलेख ती परत काढून बघते. कट्. आणि तिनं डोळे उघडले, कारण आठवणीतला तो आवाज डावीकडून आला होता. फक्त डावीकडून. इतकी वर्षं लोकांना सांगितलं होतं, आता हा कान झाला, आता दुसरा, आणि स्वतःच्या वेळी एकाच बाजूवर समाधान मानून उठली होती. दुसऱ्या कुणाला एवढा बारीक आवाज आलाच नसता. तो आपला दाबत राहिला असता, धटिंगणासारखा, दोन्ही बाजू बसेपर्यंत. तिच्या कानांनीच तिचा घात केला होता.

तिनं मेन स्विच बंद केला, वायर काढली, टॉर्च आत धरला. डाव्या टोकाची खिट्टी पट्टीला घट्ट बिलगलेली. उजवीकडची बाहेरच कललेली, केसाएवढी, पण कललेली. वरून सगळं सरळ दिसत होतं. नीटनेटकं, समजूतदार, न बसलेलं. तिला हसू आलं. मग ते गेलं, कारण आता फक्त दाबायचं राहिलं होतं आणि ते तिला येत नव्हतं. तिनं अंगठे ठेवले. भार दिला. मदरबोर्ड कुरकुरला. हात आपोआप सैल पडले. परत ठेवले, परत कुरकुर, परत सैल. घामानं अंगठे निसटायला लागले, ते तिनं कुर्त्याला पुसले. मोडलं तर? हा बोर्ड मोडला म्हणजे वर्ष मोडलं, ते सगळं पायी चालणं मोडलं, आणि संध्याकाळी दादासमोर दोन तुकडे ठेवायचे. न दाबलं तर निदान काही मोडणार नाही. हाच तर हिशोब होता तिचा आजवरचा. न दाबलं तर काही मोडत नाही. बढतीसाठी साहेबांच्या दारावर टकटक करायची ती तिनं केली नाही, काही मोडलं नाही. एका माणसाला एकदा हो म्हणायचं होतं, तेही इतक्या हळू म्हटलं की तो थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. तेव्हाही काही मोडल्याचा आवाज आला नाही. सगळं शाबूत राहिलं होतं, आणि पडदा काळा.

"हळू गं, मोडेल ते."

बाबा दारात उभे होते. केव्हा आले कुणास ठाऊक, त्यांच्याही पायांना मोजे. त्यांच्या चेहऱ्यावर तोच जुना भाव होता, काठीची वाट बघणारा, आणि तो बघून तिला राग यायच्याऐवजी एकदम त्यांची माया आली. बिचारे, किती वर्षं कान टवकारून बसले होते हे, म्हणूनच थकले असतील ते कान. ती त्यांच्याकडे तोंड करून, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणजे तिच्या हिशोबी ओरडूनच, म्हणाली, "बाबा, हे हळू होत नाही."

आणि ती गुडघ्यांवर उठली, दोन्ही अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले आणि अख्ख्या अंगाचा भार त्यांच्यावर टाकला. बोर्ड कुरकुरला. कुरकुर म्हणावं तर कुरकुर, त्याहून मोठं काहीतरी, पण तिनं सोडलं नाही, डोळे घट्ट मिटले आणि आणखी दाबलं, आणि कट् झालं. खोलीभर. उजवीकडून.

"काय मोडलं?" बाबा म्हणाले.

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. "मोडलं नाही, बाबा," ती म्हणाली, "बसलं." इतक्या वर्षांत एक गोष्ट ती लोकांना उलटी सांगत आली होती असं तिला वाटलं. ऐकू आलं की दाबा, असं नसतंच ते. आधी दाबायचं असतं. मग ऐकू येतं.

वायर लावली, स्विच दाबला. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडद्यावर एक पांढरी रेघ आली, मग दुसरी, मग अक्षरांच्या रांगाच रांगा, आणि त्यांत तिनं आणलेल्या एकेका वस्तूचं नाव. प्रोसेसर ओळखला होता, रॅम ओळखली होती, ते जुनं ग्राफिक्स कार्डही ओळखलं होतं. ती हसली. उशीबिशी शोधली नाही, तोंडावर हात घेतला नाही, चांगली खदाखदा हसली, आणि बाबा आधी घाबरले आणि मग, कशाला ते न कळताच, तेही हसायला लागले. त्यांना म्हणे आईचं हसणं आठवलं. पण तुझ्या आईला आवाज नव्हता गं, असं म्हणून ते डोळे पुसत तिथंच पलंगावर टेकले, टीव्हीकडे परत गेलेच नाहीत.

पुढचं सगळं वेळखाऊ होतं, पण त्यात धाकधूक नव्हती. पेनड्राइव्हमधून विंडोज टाकायचं, खेळ उतरवून घ्यायचा, टक्क्यांचे आकडे गोगलगाईच्या चालीनं वर चढताना बघायचे. मधे तिनं चहा केला, भांडं ओट्यावर ठेवलं ते वाजलं, वाजू दिलं. ऊन भिंतीवरून उतरून गेलं. खेळ सुरू झाला तेव्हा बाहेर दिवे लागत होते, आणि समोर घाट होता, आणि तो लाल ट्रक. रंग निवडायला असंख्य होते, तिनं लालच घेतला. पहिल्याच वळणावर ती कठड्याला घासली. दुसऱ्यावर नीट गेली. बाबा मागून हातवारे करून डावीकडे, उजवीकडे सांगत होते, त्यांनी आयुष्यात कधी सायकलखेरीज काही चालवलेलं नव्हतं.

दादा आला. दारात बूट काढले, बाह्या वर केल्या, आत येऊन म्हणाला, सरक बघू, काय झालंय. मग त्याला पडदा दिसला. चालू झाला की, असं तो म्हणाला, आणि खरंच खूश झाला, त्याच्या तोंडावर दिसत होतं. आणि त्याच खुशीत त्याचा हात सवयीनं कीबोर्डकडे आला. तो घाट त्याचाही होता ना. तिनं डोळे पडद्यावरून काढले नाहीत. पायानं कोपऱ्यातलं स्टूल त्याच्याकडे ढकललं, ते फरशीवरून कर्र करत गेलं, कारण त्याला मोजे घालायचे राहून गेले होते.

"तू बघ," ती म्हणाली.

दादानं हात मागे घेतला. मग त्याला ते शब्द ओळखू आले असावेत, कारण तो कानामागे खाजवत स्टुलावर बसला, गुडघे जवळ घेऊन, जशी ती बसायची. ट्रक पूल ओलांडून वर चढला. धुकं होतं. तिला तो रस्ता पाठ नव्हता आता, हा नवा होता, आणि प्रत्येक वळणामागे काय आहे ते तिलाच जाऊन बघावं लागत होतं. मग बाबा मागून म्हणाले की याला आवाज नाही का, आणि ती म्हणाली आहे, आणि ते म्हणाले मग मला का येत नाही, मोठा कर. त्यांनी हे म्हटलं. दादानं वळून त्यांच्याकडे बघितलं. तिनं स्पीकरचं बटण फिरवलं, फिरवत गेली, इंजिनाची घरघर फरशीतून तिच्या तळपायांना लागेपर्यंत. पुढच्या वळणावर, अगदी मधोमध, एक गाडी आडवी उभी होती.

"हॉर्न दे," बाबा म्हणाले.

तिनं बोट ठेवलं. तेच, खूण असलेलं. आणि दाबलं, तळापर्यंत. हॉर्न असा वाजला की खिडकीच्या काचा झणझणल्या, कपाटाचं दार आपोआप उघडलं, दादानं दोन्ही हात कानांवर नेले, आणि बाबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. समोरची गाडी बाजूला झाली. सवयच ती, हॉर्न थांबला तशी ती श्वास रोखून खालची काठी ऐकायला लागली. बाबाही ऐकत होते, तिला कळलं. दादासुद्धा. काही आलं नाही. खाली कुणी राहतच नव्हतं. इतकी वर्षं झाली, त्यांच्या खाली नुसती जमीन होती. तिनं पुन्हा दाबलं, आणि या खेपेला बोट उचललं नाही.